डोळ्यांच्या हंगामातला निळा दिवा

थंडी पडली की आमच्या गल्लीत काळे गॉगल दिसायला लागतात. सकाळचं ऊन ओट्यावर उतरलं की एकेक आजोबा, एकेक आजी खुर्ची घेऊन बाहेर येतात. अंगावर शाल, कानाला मफलर आणि डोळ्यांवर बाजूनंही झाकलेला तो काळा चष्मा. लांबून बघणाऱ्याला वाटावं, सगळे खलनायक निवृत्त होऊन सांगलीलाच राहायला आलेत. कारण साधं आहे. आमच्याकडं मोतीबिंदू थंडीतच काढतात. डॉक्टर बिचारे घसा कोरडा करतात, अहो, आता बारा महिने चालतं, कधीही या. पण ऐकतंय कोण! उन्हाळ्यात घाम जातो, पावसाळ्यात चिघळतं, म्हणून डोळा करायचा तो थंडीत. शिवारात उसाचा हंगाम, गल्लीत डोळ्यांचा.

यंदाही गॉगल आले. समोरच्या ओट्यावर पहिला गॉगल दिसला आणि मला मागची थंडी अशी काही आठवली, की हातातला चहा गार झाला. मागची थंडी म्हणजे आमच्या हॉलमधला दोन फुटी समुद्र, त्याच्यावर कुठला दिवा लावायचा यावरून घरात झालेलं महाभारत, आणि माझी आई.

समुद्र घरात आणला तो हणमंतामुळं. हणमंत माझा शाळेतला दोस्त. फौजेत होता, अंदमानला काही वर्षं काढली, आता पेन्शन घेऊन साताऱ्यात असतो. एवढी वर्षं देशाची राखण करून आलेला माणूस आता काचेच्या टाकीत प्रवाळ राखत बसतो. त्याच्याकडं एका लग्नाच्या निमित्तानं गेलो होतो. लग्न राहिलं बाजूला, मी त्या टाकीसमोर मांडी घालून बसलो. निळ्या उजेडात हिरवे, केशरी, जांभळे असे नुसते जिवंत ठिपके. वारा नसताना हलत होते. मी म्हटलं, "हण्म्या, हे मला पायजे." तो म्हणाला, "गड्या, कुत्रं पाळ, मांजर पाळ. ह्यात पडू नगंस." म्हणजे मी पडणारच, हे त्याला ठाऊक होतं.

आपल्या समुद्रातून प्रवाळ काढायला बंदी आहे, आणि असावीच. हणमंताकडची मऊ जातीची, रीतसर बाहेरून आलेली आणि टाक्यांमध्येच वाढलेली. त्यानं त्यांची तीन-चार पिल्लं दगडाच्या खपल्यांवर चिकटवून डब्यात घालून दिली. साताऱ्याहून सांगलीपर्यंत तो डबा मी मांडीवर घेऊन आलो. कराडला चहालासुद्धा उतरलो नाही. बायको, सुरेखा, म्हणाली, "आपल्या दोन्ही पोरांना दवाखान्यातून आणताना तुम्ही एवढे सांभाळून बसला नव्हता." खोटं नव्हतं ते.

आईनं टाकीचं स्वागत तिच्या पद्धतीनं केलं. पाण्यात बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि तोंड वाकडं करून म्हणाली, "आरं, मीठ लय झालंय." मग विचारलं, "हे झाड हाय का धोंडा?"

"प्राणी आहे, आई."

"मग खातंय काय?"

"उजेड."

"उजेड खातंय?" आईनं पुन्हा टाकीत डोकावलं. "बरं हाय बाई त्याचं. दळण न्हाई, कांडण न्हाई."

आमची आई रहिमतपूरकडची. जन्म शेतात गेला. वडील गेल्यावर इकडं आमच्याजवळ आली, पण हाताला माती नसली की तिला करमत नाही. गॅलरीत कढीपत्ता, कुंडीत मिरची, कुणाच्या मांजराची पिल्लं, काही ना काही जीव तिच्या भोवती लागतो. टाकीतल्या त्या चपट्या गोल जिवांना तिनं लगेच नाव ठेवलं, बटणं. ते नाव घरात कायमचं झालं.

आता दिव्याचं ऐका. मी कुपवाडला रस्त्यावरचे दिवे बनवणाऱ्या कारखान्यात सुपरवायझर आहे. उजेड हा माझा धंदा. कुठल्या खांबावर केवढा दिवा, उजेड किती लांब पडेल, खड्डा दिसेल की नाही, हे मी झोपेतसुद्धा सांगतो. तेव्हा दिवा निवडायचा म्हटल्यावर माझी छाती उगाचच फुगली. हणमंतानं सांगितलेला निळा दिवा मी आणला खरा, पण मनात म्हटलं, फौजी माणूस, त्याला काय कळतंय उजेडातलं.

दिवा टाकीवर बसवला, खिडकीचे पडदे ओढले आणि सगळ्यांना हाका मारून बोलावलं. बटण दाबलं. हॉल निळा झाला. सुरेखा म्हणाली, "अहो, हे घर आहे की लग्नाचं स्टेज?" शेजारचे पवार दारातून डोकावले, "काय हो, ऑर्केस्ट्रा वगैरे हाय का?" पण टाकीत काय बहार होती! हिरवं असं पेटलेलं, की डोळे हटेनात. मी अभिमानानं आईकडं वळलो. आई स्टुलावर बसून टाकीच्याच दिशेनं बघत होती. म्हणाली, "लाईट गेली का रं?"

आम्ही सगळे हसलो. पवार तर खोकेपर्यंत हसले. मग मला दिसलं की आई हसत नाहीये. ती खरंच वाट बघत होती, लाईट यायची.

आईला मोतीबिंदू आहे हे आम्हाला माहीत होतं. किती आहे, ते तिनं माहीत होऊ दिलं नव्हतं. तांदूळ निवडताना ती बोटांनी खडे शोधायची आणि आम्हाला वाटायचं, सवय आहे. सुईत दोरा ओवायचा झाला की "सुरेखा, तुजी नजर बगू जरा कशी हाय" म्हणून सुनेची परीक्षा घ्यायची. टीव्हीसमोर बसून ती फक्त ऐकत होती. मोतीबिंदू पिकला की डोळ्यातलं भिंग पिवळं, तपकिरी पडतं आणि त्यातून निळा उजेड आत पोचतच नाही, हे मला पुढं डॉक्टरांनी सांगितलं. मला निळं दिसत होतं, तिथं तिच्यापुढं अंधार होता.

ऑपरेशनचं नाव काढलं की आई दुसरा विषय काढायची. तिच्या थोरल्या जावेचा डोळा फार वर्षांपूर्वी असाच ऑपरेशनात गेला होता. तेव्हापासून आईनं ठरवून टाकलं होतं, जे हाय ते बरं हाय. मी सांगून दमलो. सुरेखा तिला आत्या म्हणते, आमच्याकडं सासूला आत्या म्हणायची रीतच आहे, तीही "आत्या, आत्या" करून थकली. दरवर्षी थंडी यायची, गल्लीत गॉगल यायचे, जायचे. आई ओट्यावर बसून सगळ्या गॉगलवाल्यांची विचारपूस करायची आणि आत येऊन म्हणायची, "मला काय झालंय? मला दिसतंय की सगळं."

तर मी काय केलं? निळा दिवा उतरवला. कारखान्यात पडलेल्या सामानातून मालकांना विचारून एक पट्टी घेतली आणि झकास पिवळसर पांढरा दिवा बनवला, रस्त्यावरच्या दिव्याचं लहान भावंडच. तो लावला आणि आई म्हणाली, "आता कसं! दिसाय लागली की बटणं!" तेवढ्यानं माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

ते दिवस फार मजेचे होते. सकाळी उठलं की आई आधी देवाला आणि मग टाकीला हात जोडायची. स्टूल काचेला टेकवून बसायची. नाक इतकं जवळ, की काचेवर वाफ धरायची. "उठली का गं बयांनो?" असं त्या बटणांना विचारायची आणि ती हळूहळू उमलली की मला स्वयंपाकघरापर्यंत वर्दी यायची, "धाकली बी उठली!" कुणी पाहुणा आला की आई त्याला हाताला धरून टाकीपाशी न्यायची आणि सांगायची, "उजेड खात्यात. दुसरं काय बी नगं त्यांना." पाहुण्यांना खरं वाटायचं नाही. मग ती माझ्याकडं बोट दाखवायची, "ह्यो आमचा बाळू करतो त्यांचा सैपाक." मला रस्त्यावरचे दिवे करताना असा मान कधी मिळाला नव्हता.

पण बटणं काही खूश नव्हती. हळूहळू त्यांचा हिरवा रंग मातकट व्हायला लागला. माना लांब करून ती वर वर ताणायला लागली. काचेवर शेवाळ चढलं. एका दगडावरची बटणं तर मिटली ती उमलेचनात. मी पाणी बदललं, मीठ मोजलं, हणमंताला फोनवर फोटो पाठवले. तो म्हणाला, "लाईट बदल." मी म्हटलं, "लाईटचं सोडून बोल."

शेवटी तो स्वतःच आला. चपला काढायच्या आधी त्यानं दिवा बघितला आणि कपाळाला हात लावला. "गड्या, हितं काय ट्रक पार्क करायचा हाय का?" मी माझी अक्कल पाजळायला सुरुवात केली, हा केवढ्या ताकदीचा दिवा आहे, याच्यात पेपर वाचता येतो वगैरे. तो म्हणाला, "त्यांना कुटं पेपर वाचायचाय? लाईट म्हंजे राशन हाय त्यांचं. त्यांच्या अंगात बारीक शेवाळ असतंय. ते उजेडावर रांधतंय आन ही खात्यात. समुद्रात खाली गेलं की लाल, पिवळा उजेड वरच्या वर जिरतो, खोलवर जातो तो निळा. ह्यांची चूल निळ्यावर पेटती. तू त्यांना ताट दाखवतूयास, जेवाण न्हाई."

इतकी वर्षं मी एकच जाणत होतो, उजेड असतो तो बघण्यासाठी. माणसाला खड्डा दिसला की दिवा चांगला. उजेड कुणाच्या पोटात जात असेल हे कधी डोक्यात आलं नव्हतं. हणमंताला बाजूला घेऊन हळूच म्हटलं, "अरे, निळ्यात आईला दिसत नाही. या दिव्यात तिला दिसतं. तिचा सगळा दिवस त्या स्टुलावर जातो. काढू कसा?"

मग आम्ही तह केला. आई समोर बसली की पांढरा दिवा, ती आत गेली की निळा, आणि रात्री बटणांना झोप म्हणून दोन्ही बंद. हणमंतानं माझ्या मोबाईलवर सगळं बसवून दिलं. आई म्हणाली, "सूर्य बी मोबाईलवर आला म्हणा की!" तह चांगला होता. त्यात एकच अडचण निघाली, आई आत जाईचना. तिला वाटत होतं बटणं आजारी आहेत, म्हणून ती जास्तच वेळ त्यांच्यापाशी बसायला लागली. आणि ती बसायची म्हणून पांढरा दिवा, आणि पांढरा दिवा म्हणून बटणं आजारी!

पुढच्या खेपेला हणमंत आला तेव्हा आई स्टुलावरच होती. त्यानं टाकीत बघितलं आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "काकी, उपासमार चाललीया ह्यांची."

"उपासमार? कोण उपाशी ठिवतंय?"

हणमंत माझ्याकडं बघायला लागला, मी सुरेखाकडं, सुरेखा पंख्याकडं. मग मी सांगून टाकलं. निळा उजेड, पांढरा उजेड, तिचा डोळा, सगळं. आई ऐकत राहिली. तिनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं, आता ही रडणार. पण नाही. तिला राग आला होता, आणि साधासुधा नाही.

"म्हंजे मला दिसावं म्हणून तू ह्या मुक्या जिवांना उपाशी मारतूयास? आरं, दारात आलेलं कुत्रं कवा उपाशी घालवलं न्हाई म्या. आन घरातल्या जिवाच्या तोंडचा घास काढून मी तमाशा बगत बसलीया व्हय? काढ तो दिवा! आत्ताच्या आत्ता काढ!"

"काढतो. पण मग तुला दिसणार नाही."

आई उठून उभी राहिली. कमरेला पदर खोचला. "न्हाई कसं दिसत? उद्या दवाखान्यात चल."

मुलगा हरला, सून हरली, डॉक्टर हरले आणि बोटाच्या पेराएवढ्या बटणांनी बाजी मारली. सुरेखा माझ्या कानात म्हणाली, "आधी सांगायचं नाही का, चार वर्षांपूर्वीच आणली असती टाकी."

दवाखाना मिरजेला. आमच्याकडं दुखणं म्हटलं की मिरज. गाडीत आईनं माझा हात असा धरला होता, की मला गिअर बदलता येईना. भीती गेली नव्हती तिची. थोरल्या जावेचं नाव तिनं घेतलं नाही, पण ती बाई आमच्याबरोबर मागच्या सीटवर बसली होती, हे आम्हाला दोघांनाही ठाऊक होतं. मलाही भीती वाटत होती. माझ्या हट्टानं नाही, तिच्या स्वतःच्या मनानं, त्या बटणांसाठी ती निघाली होती, आणि काही कमी-जास्त झालं असतं तर त्या टाकीसमोर मी पुन्हा उभा राहू शकलो नसतो.

डॉक्टरांनी तपासलं, समजावून सांगितलं आणि विचारलं, "आजी, काही शंका?" सगळे विचारतात, पोथी वाचता येईल का, मालिका बघता येतील का. आईनं विचारलं, "निळं दिसंल का?"

"निळं? निळंच कशाला?"

"घरात बटणं हायत. त्यांच्यासाठी."

डॉक्टर माझ्याकडं काळजीनं बघायला लागले. त्यांना वाटलं, नुसता डोळा दाखवून भागणार नाही. मी घाईघाईनं मोबाईल काढून फोटो दाखवले. मग ते असे रमले, की बाहेरचे पेशंट दार वाजवायला लागले.

आठवड्याभरानं एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. आई बाहेर आली ती डोळ्याला पट्टी आणि तोंडाला हसू घेऊन. "एवढंच व्हय? ह्याच्यापरीस कान टोचताना लय दुकलं व्हतं." दुसऱ्या दिवशी पट्टी काढली, काळा गॉगल चढला आणि आमच्या आईचं त्या खलनायकांच्या कंपूत रीतसर नाव दाखल झालं. परतताना तिनं गॉगल नाकावर थोडा खाली घेतला, खिडकीतून वर बघितलं आणि म्हणाली, "आभाळ कुणी धुतलं का काय?"

घरी पांढरा दिवा तिनं सांगितलं त्याच दिवशी उतरवला होता, आता नुसता निळाच होता. तो कमी करून ठेवला, पडदे ओढले. डॉक्टरांनी अंधाऱ्या खोलीत गॉगल काढायला परवानगी दिली होती, काचेला नाक लावायला नाही. म्हणून स्टूल लांब ठेवलं. आईनं गॉगल काढला.

बटणं उमलली होती. पुरती सावरली नव्हती अजून, पण हिरवा रंग परतत होता आणि कडेला केशरी झालर उठली होती. मी विचारलं, "आई, दिसतंय का?" तर म्हणाली, "गप बस जरा." सुरेखानं माझा हात दाबला. आम्ही उभे राहिलो. मग आईनं बोट उचललं आणि एकेक रंग सांगायला लागली. ही कोवळ्या हरभऱ्यागत हिरवी. ही अबोलीची. ह्यो जांभळा म्हंजे वांग्याच्या फुलाचा. शेवटी बोट खाली घेऊन ती हळूच म्हणाली, "एवढं सगळं हितंच व्हतं व्हय रं?"

मला रडू आलं. लाजायचं कशाला, चांगला हुंदका देऊन रडलो. आनंदानं रडायचे प्रसंग आयुष्यात येतात कितीसे!

त्यानंतरचे दिवस आईचे होते. एका डोळ्यावर हात ठेवायचा, टाकी बघायची. मग दुसऱ्यावर ठेवायचा, परत बघायची. "ह्या डोळ्यानं चहा सांडल्यागत दिसतंय. आन ह्या डोळ्यानं बग, दिवाळी!" पोरांना असला खेळ मिळाला नसता. पवारांना बोलावून त्यांच्यासमोरसुद्धा तिनं हे करून दाखवलं. घराचीही तपासणी झाली. डब्यांचा चिकटपणा सापडला, फॅनवरची धूळ सापडली, भिंतीवरचे फोडणीचे डाग सापडले. सुरेखा मला म्हणाली, "अहो, तो पिवळा दिवाच बरा होता." पण म्हणताना ती हसत होती, आणि दुसऱ्या दिवशी दोघींनी मिळून सगळे डबे घासले.

यंदा टाकी भरून आली आहे. बटणांची पिल्लं झाली, त्यातली काही हणमंताकडं परत गेली, आता ती त्याच्या टाकीत आमच्या नावानं ओळखली जातात. सकाळी दिवा आपोआप हळूहळू उजळतो, आई त्याच्याआधी हजर असते. कुपवाडला दिव्यांची तपासणी करताना माझ्या मनात हल्ली एक नवाच विचार येतो. हा दिवा खांबावर चढला की रस्ता दिसेल, ते ठीक. पण खालच्या झाडाला, त्यावरच्या पाखरांना त्याचं काय होत असेल? परवा मी साहेबांना हे बोलून दाखवलं. ते म्हणाले, "सुट्टी घ्या दोन दिवस." मी घेतली.

सुट्टीत ठरवलं, आईच्या दुसऱ्या डोळ्याचं बघायचं. डॉक्टर म्हणाले होते, त्याला घाई नाही, पण करून टाकलेला बरा. हंगामही आहे. आई टाकीसमोर बसली होती. मी तिच्यापुढं जमिनीवर बसलो आणि म्हटलं, "आई, आता तर भीती राहिली नाही ना? दुसऱ्याची तारीख घेऊ?"

"थांब," आई म्हणाली. "हलू नगंस." तिनं एका डोळ्यावर तळवा ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. मग तळवा दुसऱ्या डोळ्यावर ठेवला, पुन्हा बघितलं. तिला बराच वेळ लागला. बटणं नव्हती ती बघत, मलाच बघत होती.

"ह्या जुन्या डोळ्यात तुजे क्यास काळं हायत," ती म्हणाली. "गाल बी भरल्यालं. कालेजातनं आल्यागत दिसतूस. आन ह्या नव्या डोळ्यानं बगितलं की तुजा बाप समोर बसल्यागत वाटतंय. तसंच कपाळ. तसंच पांढरं कल्लं."

वडील गेले तेव्हा ते माझ्याच आताच्या वयाचे होते.

आईनं डोळ्यावरचा हात काढला, माझ्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाली, "एका डोळ्यात तू हायस, एका डोळ्यात त्ये. दोघं बी ऱ्हाऊ दे की रं यवढी थंडी."